पोटात बाळ, हातात कॅमेरा

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवीन प्रकारची गरोदर स्त्री येऊ लागली आहे. लग्न झालेले आहे, दिवस गेलेले आहेत आणि शिक्षण अजून चालू आहे. कुणी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, कुणी बी.एड.ला, कुणी नर्सिंगला. पूर्वी पहिलटकरीण आली की "काय करतेस?" असे विचारण्याची पद्धत नव्हती. आता विचारावे लागते आणि उत्तर ऐकून सल्ला बदलावाही लागतो.

अशाच एका मुलीची हकिगत आज सांगणार आहे. तिची ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम बदलले आहेत. मुलगी आपल्या खानदेशातली, तापीकाठच्या एका गावची. पुण्याला सिनेमाचे शिक्षण घेत होती. नट्यांचे नव्हे, दिग्दर्शनाचे. शेवटच्या वर्षाला विद्यार्थ्याने स्वतःचा एक छोटा चित्रपट करून दाखवायचा असतो. तिने विषय निवडला होता केळीच्या बागेत काम करणाऱ्या बायांचा. त्यासाठी मे महिन्यात ती चार सोबती आणि कॅमेरा घेऊन माहेरी आली होती. पाचवा महिना चालू होता.

सासूबाई आणि आई दोघी तिला घेऊन आल्या. दोघींचे एका गोष्टीवर एकमत होते, "मॅडम, हिला तुम्हीच सांगा, आता हे सगळे बंद कर म्हणावं. बाळ आधी की शिणेमा आधी?" मुलगी गप्प बसून होती. मी तपासले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. गरोदर बाईचे ते किमान ११ हवे. पाय थोडे सुजलेले, नाडी जलद. कार्ड पाहिले तर नोंद एकच, तिसऱ्या महिन्यातली. त्यानंतर तपासणी नाही, रक्ताची चाचणी नाही, गोळ्या नाहीत.

"अगं, दोन महिने कुठे होतीस?"

तेव्हा ती बोलली. कॉलेजात तिने कुणालाच सांगितले नव्हते. सांगितले तर "या वर्षी राहू दे, पुढच्या वर्षी ये" असे म्हणतील, ही भीती. तपासणीला जायचे तर हजेरी बुडते आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देत नाहीत. ओकाऱ्या व्हायच्या, तर वर्गातून उठून जायचे आणि पित्त झाले म्हणून सांगायचे. गोळ्यांनी मळमळते म्हणून त्या परस्पर बंद केल्या. "शूटिंग झालं की घेईन म्हटलं, मॅडम."

वाचकहो, या मुलीला आजार कोणता होता? रक्त कमी होते हे खरे. पण ते कमी होण्यामागे लपवाछपवी होती. शिक्षण आणि बाळ यांतले एकच मिळेल, अशी धास्ती तिच्या मनात घरानेही घातली होती आणि कॉलेजानेही. त्या धास्तीपायी तिने नेमकी ती गोष्ट टाळली, जिच्यामुळे दोन्ही मिळाले असते. ती म्हणजे वेळच्या वेळी तपासणी. आजचा लेख त्याबद्दल आहे.

गरोदरपण हा आजार नाही, पण रजाही नाही

आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, दिवस गेले की बाईने अंथरूण धरावे. दुसरे म्हणते, आमच्या आज्या शेतात निंदता निंदता बाळंत झाल्या, तुम्हालाच काय झाले? दोन्ही मते चुकीची आहेत. अंथरुणाला खिळून राहिल्याने बाळ वाढत नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आणि ज्या आज्या शेतात बाळंत झाल्या त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, कारण त्या जगल्या. ज्या गेल्या, त्यांच्या गोष्टी सांगायला कोणी उरले नाही.

निरोगी गरोदर स्त्रीने शिकावे, काम करावे, चालावे. फक्त कामाची रीत बदलावी. सिनेमाच्या विद्यार्थिनीची दिनचर्या तशी वेगळी, पण तिच्या अडचणी ओळखीच्या आहेत. मी तिला एक वही घालायला सांगितले. रोज दोन ओळी, जेवण किती, झोप किती, काय दुखले, काय बरे वाटले. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. त्यातल्या काही नोंदी तिच्या परवानगीने सांगते, कारण शिवणक्लासच्या मुलीला, शाळेतल्या बाईंना आणि बँकेतल्या ताईंनाही त्या लागू पडतील.

एक नोंद होती, "सकाळी सहा ते दुपारी दोन बागेत. पाणी दोन पेले." का? तर बागेत संडास-मुतारीची सोय नाही, सोबत तीन मुलगे. लघवीला जायचे कुठे म्हणून पाणीच प्यायचे नाही. बाहेर काम करणाऱ्या आपल्या कित्येक भगिनी हेच करतात. गरोदरपणात लघवीची नळी मुळातच थोडी सैल पडते आणि लघवी साठून राहते. त्यात पाणी कमी प्यायले आणि लघवी रोखली की जंतुसंसर्ग होतो. तो वर मूत्रपिंडापर्यंत गेला तर थंडी वाजून ताप येतो आणि अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होऊ शकतात. त्यातून आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी दोन पेले पाण्यावर राहणे म्हणजे चक्कर येऊन पडणे ठरलेलेच.

उपाय साधा होता. बागेजवळच्या एका घरी तिच्या आईने शब्द टाकला, तिथल्या बाईने मोरी उघडून दिली. शूटिंग सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतर. मधली उन्हाची वेळ घरात, पंख्याखाली. ती हसून म्हणाली, "मॅडम, तसाही दुपारचा उजेड आम्हाला नकोच असतो."

दुसरी नोंद, "आज कॅमेरा मीच उचलला. कंबर गेली." सहाव्या-सातव्या महिन्यात सांधे बांधणारे पट्टे सैल झालेले असतात आणि पोटामुळे शरीराचा तोल पुढे जातो. अशा वेळी जड उचलले तर कंबर धरते आणि पडण्याची भीती असते ती वेगळीच. तिने ते काम सोबत्यांवर सोपवले आणि स्वतः खुर्चीवर बसून दिग्दर्शन केले. यात कमीपणा काही नाही. दिग्दर्शकाचे काम डोक्याने करायचे असते.

तिसरी नोंद, "एडिटिंगला नऊ तास बसले. पाय खांबासारखे." एका जागी फार वेळ बसल्याने पायातले रक्त वर चढत नाही. दर तासाला उठून पाच मिनिटे चालावे, बसताना पाय छोट्या स्टुलावर ठेवावेत, झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या कुशीवर झोपावे. संध्याकाळी पायावर थोडी सूज येणे बहुतेकींना होते. पण सकाळी उठल्यावरही सूज असेल, तोंड व हात सुजले असतील, डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे येत असतील, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी ब्लडप्रेशर मोजून घ्यावे. ते १४०/९० किंवा वर असेल तर दवाखाना सोडू नये.

चौथी नोंद मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. "आज उगाच रडले. काही झालेले नाही. बाळ नको वाटले, मग त्याचीच लाज वाटली." पुढच्याच दिवशी, "आज बाळाने पहिल्यांदा लाथ मारली, मी 'कट' म्हणत होते तेव्हाच. सगळे विसरले." गरोदरपणात मनाचे असे वर-खाली होणे नेहमीचे आहे. त्याला नखरे म्हणू नये. पण दोन आठवडे सलग उदास वाटले, झोप उडाली, जेवण जाईना, जगावेसे वाटेना, तर तो आजार समजावा. त्याला औषध आहे. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

रक्त वाढवायचे कसे

भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोघींमागे एक. हा विषय एका मुलीपुरता नाही.

रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा जरी जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. दुसरीला चालून जाईल तेवढ्या रक्तस्रावात ही दगावू शकते. शिवाय जंतुसंसर्गाशी लढायची ताकदही कमी पडते. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नये. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे.

आपले जेवण तसे वाईट नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, मेथी-पालक, मटकी, शेंगदाणे-गूळ, आणि खाणाऱ्यांनी अंडी-मांस. जेवताना लिंबू पिळावे, त्याने लोह अंगी लागते. आणि केळी? केळीच्या जिल्ह्यात राहून "केळ्याने बाळाला सर्दी होते" असे सांगणारी मंडळी भेटतात. असे काही होत नाही. खुशाल खावे.

या मुलीचे रक्त मात्र एवढ्याने भागण्यासारखे नव्हते. दिवस पुढे गेलेले आणि ८.२. तिला लोहाची इंजेक्शने सलाईनमधून, दवाखान्यात, देखरेखीखाली दिली. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ वर आले. केलेले सोपे होते, पण ते दोन महिने उशिरा सुरू झाले होते. असा उशीर प्रत्येकीला पचतोच असे नाही.

स्मिताची आठवण

सिनेमा, खानदेश आणि बाळंतपण हे तीन शब्द एकत्र आले की माझ्या पिढीला एकच नाव आठवते. स्मिता पाटील. शिरपूरचे शिवाजीराव गिरधर पाटील आणि विद्याताई यांची ही मुलगी, जन्म १७ ऑक्टोबर १९५५. वाढली पुण्यात, दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची ती विद्यार्थिनी नव्हती, पण तिची चित्रपटातली सुरुवात एका विद्यार्थ्याच्या चित्रपटातूनच झाली. अरुण खोपकरांचा 'तीव्र मध्यम' हा तो डिप्लोमा चित्रपट. पुढे 'जैत रे जैत', 'भूमिका', 'उंबरठा', दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ मध्ये पद्मश्री. तिच्या वडिलांचे गाव आपल्या शेजारचे म्हणून आपण कौतुकाने छाती फुगवतो.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी तिला मुलगा झाला. १३ डिसेंबर १९८६ रोजी बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ती गेली. वय ३१. मधे दिवस गेले पंधरा. 'मिर्च मसाला' हा तिचा चित्रपट लोकांनी पाहिला तो ती गेल्यानंतर.

तिच्या आजारपणाचा ऊहापोह करण्याचा मला अधिकार नाही आणि कोणाला दोष देण्याचा हेतूही नाही. मला फक्त त्या पंधरा दिवसांकडे बोट दाखवायचे आहे. ती मुंबईत होती, नामवंत होती, डॉक्टर-दवाखाने हाताशी होते. तरी बाळ जन्मल्यानंतरचा काळ इतका नाजूक असू शकतो. आपल्याकडे मात्र बाळ रडले, पेढे वाटले की सगळ्यांचे लक्ष पाळण्याकडे वळते. खाटेवरच्या आईकडे कोण पाहते?

डॉक्टरी शास्त्रात बाळंतपणाचा काळ ४२ दिवसांचा धरतात. आपल्या जुन्या लोकांनी सव्वा महिना सांगितला होता. हिशेब जवळपास तोच आहे, वाडवडिलांना त्याचे श्रेय द्यायला हवे. चुकले ते आतले तपशील. अंधारी खोली, शेगडीचा धूर, पाणी कमी देणे, दोन दिवस अंघोळ नाही, या गोष्टी टाकून द्या. विश्रांती, गरम ताजे अन्न, भरपूर पाणी, स्वच्छता आणि बाहेरच्या गर्दीपासून दूर राहणे, हे ठेवा.

स्वच्छतेची गोष्ट जुनी आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने पाहिले की बाळंतिणी तापाने फार मरतात. त्याने प्रसूतीला जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. त्या काळच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याची थट्टा केली. आज सगळे हात धुतात. बाळ-बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्या पाहुण्यांनी तेवढेच करावे, आधी हात धुवावे आणि सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये.

नवव्या दिवशीचा ताप

आता पुन्हा आपल्या मुलीकडे. सप्टेंबरअखेर ती सरकारी दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. तिसऱ्या दिवशी घरी गेली.

नवव्या दिवशी संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप आला. आई म्हणाली, दूध साठले असेल. सासूबाई म्हणाल्या, बाळंतिणीचे अंग दुखतेच, काढा देऊ. दोघी प्रेमाने बोलत होत्या, पण दोघी चुकत होत्या. मुलीला मी आधी सांगून ठेवले होते आणि तिने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले होते. तिने नवऱ्याला वही दाखवली. जावई शहाणे निघाले, रात्रीच गाडी केली. ओटीपोट दुखत होते, स्रावाला वास येत होता. गर्भाशयात जंतुसंसर्ग सुरू झाला होता. शिरेतून अँटिबायोटिक्स दिली, पाच दिवस ठेवले, बरी होऊन घरी गेली.

सकाळपर्यंत थांबलो असतो तर? चार दिवस काढा पीत राहिली असती तर? या प्रश्नांची उत्तरे मी दवाखान्यात पाहिलेली आहेत. ती इथे लिहवत नाहीत.

म्हणून ते शेवटचे पान तुम्हीही कापून भिंतीला लावा. बाळंतपणानंतर ४२ दिवसांच्या आत यातले काहीही झाले तर दिवस-रात्र न पाहता दवाखान्यात जायचे:

- ताप, विशेषतः थंडी वाजून आलेला.
- तासाभरात एक पॅड किंवा घडी पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, किंवा मोठ्या गुठळ्या.
- अंगावरून जाणाऱ्या स्रावाला दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे.
- एका पायाला सूज व पोटरीत दुखणे, दम लागणे, छातीत दुखणे.
- जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, फिट येणे.
- टाक्यांतून पू किंवा टाके लाल होणे.
- सतत रडू येणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार.

गरोदरपणात यांच्या जोडीला आणखी तीन, म्हणजे अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, आणि पोटात पाणीही न टिकेल अशा ओकाऱ्या.

रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर व बाळंतिणीसाठी १०२. आशाताई दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या बाळाचे वजन करायला येतात एवढेच समजू नका. त्यांना आईबद्दलही सांगा. "सगळं बरं आहे" म्हणून दारातून परत पाठवू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही सोय २०१६ पासून आहे. धुळे आणि जळगाव या दोन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अवघड बाळंतपण म्हणजे पुणे-मुंबईच, असे आता समजायचे कारण नाही.

कॉलेजांनी काय करावे

इथपर्यंत घरच्यांना सांगितले. आता थोडे शिक्षणसंस्थांना.

नोकरी करणाऱ्या स्त्रीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून मिळते. विद्यार्थिनीला असा कायदा नाही. तिच्याकडे आहे ते असे. पीएच.डी. आणि एम.फिल. करणाऱ्या स्त्रियांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा ठरवली. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र लिहून पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींनाही प्रसूती रजा, हजेरीत सूट आणि परीक्षा अर्जाला मुदतवाढ देणारे नियम करण्यास सांगितले. केरळात महात्मा गांधी विद्यापीठाने २०२२ मध्ये विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा दिली. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एम.एड.च्या एका विद्यार्थिनीच्या बाजूने निर्णय देताना, स्त्रीला शिक्षण आणि मातृत्व यांतून एकच निवडायला भाग पाडता येणार नाही, असा आशय स्पष्ट केला.

यावर प्राचार्य मंडळी दोन आक्षेप घेतील. पहिला, अशी सूट दिली तर मुलींची लग्ने शिक्षण पुरे होण्याआधीच उरकली जातील. मला हा आक्षेप पोकळ वाटत नाही. आपल्या भागात लवकर लग्न हा प्रश्न आहेच. अठराच्या आतले लग्न हा गुन्हा आहे आणि अठरा पूर्ण झाली म्हणून लगेच बाळंतपणाची घाई करू नये, हे मी दर उन्हाळ्यात सांगत आले आहे. शिक्षण पुरे होईपर्यंत पाळणा लांबवता आला तर उत्तमच, त्याची साधने दवाखान्यात मिळतात. पण जिला दिवस गेलेच आहेत तिला वर्गाबाहेर काढल्याने कुणाचे लग्न लांबत नाही, फक्त तिचे शिक्षण थांबते. दुसरा आक्षेप, प्रात्यक्षिके बुडतात, मग पदवीची किंमत काय राहिली? तर प्रात्यक्षिके माफ करा असे कोणीच म्हणत नाही. ती पुढच्या सत्रात करू द्या, एवढेच मागणे आहे. पाय मोडलेल्या विद्यार्थ्याला आपण तेवढी सवड देतोच ना?

या मुलीने शेवटी कॉलेजला लेखी अर्ज केला, सोबत माझे प्रमाणपत्र जोडले. आधी तोंडी "बघू" म्हणाले. लेखी अर्जाला लेखी उत्तर द्यावे लागते. एका सत्राची सवड मिळाली. हाच अर्ज तिने तिसऱ्या महिन्यात केला असता तर? ती धजावली नाही, कारण असा नियम आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना माझी एक विनंती आहे. जी काही सवलत तुमच्याकडे असेल ती मुलींच्या खोलीबाहेर फलकावर लावा. कागदाला खर्च काही नाही आणि त्याने एखादीचे दोन महिने वाचतील.

रोज एक चित्र

जाता जाता एक जुनी गोष्ट. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी पैसे उभे करायला धडपडत होते. तेव्हा त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला आणि रोज त्याचे एक चित्र कॅमेऱ्याने घेतले. महिन्याभरानंतर ती चित्रे सलग दाखवली तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत दाण्यातून वेल उगवला. या सगळ्या उद्योगात सरस्वतीबाई फाळके त्यांच्या बरोबरीने होत्या. त्यांनी फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, सगळ्या मंडळींना रांधून वाढले, घरातली मुले सांभाळली. त्यांचा मुलगा भालचंद्र त्या १९१३ च्या चित्रपटात रोहिदास झाला. सिनेमाचे शिक्षण घेणारी आपली पहिली आई म्हणायची तर तीच. तिला प्रमाणपत्र कुणी दिले नाही.

गरोदरपण त्या वाटाण्यासारखे आहे. एका दिवसात काहीच बदललेले दिसत नाही. एक दिवस गोळी चुकली, एक दिवस जेवण टळले, त्याने काय होते, असे वाटते. पण नऊ महिन्यांचे सगळे दिवस एकापुढे एक ठेवले की त्यातूनच बाळ घडलेले असते आणि आईही. म्हणून रोजची नोंद ठेवा. दोन ओळी पुरेत.

त्या मुलीचा चित्रपट मार्चमध्ये पूर्ण झाला. तिने तो मला दाखवला. शेवटच्या प्रसंगात केळीच्या घडांच्या रांगेत झोळी बांधलेली आहे आणि काम करणारी बाई जाता-येता तिला एक झोका देते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर नात. म्हणाल्या, "मॅडम, आमच्या सुनेनं केलंय बरं का हे सगळं."

वर्षापूर्वी त्याच खुर्चीवर बसून त्यांनी काय विचारले होते, त्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही.